दोन सूत इकडंतिकडं

सर्फबोर्डच्या पोटाला चार फिन बसवायच्या असतील तर त्या नेमक्या कुठे बसवाव्यात, यावर जगात पुष्कळ मतं आहेत आणि त्यातल्या एकालाही टॉलरन्स नाही. मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीत होतो. मापापुढे प्लस-मायनस नसलेलं ड्रॉइंग आलं की मी लाल शाईने परत पाठवायचो. पण ही मापं ठरवणाऱ्या ऑस्ट्रेलियाला काय परत पाठवणार?

आता छत्रपती संभाजीनगरात ही भानगड आली कशी, तर भाच्यामुळे. आमचा जवळचा समुद्र म्हणजे मुंबई, तोही देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर. पण कंपनीच्या सुट्टीत गोव्याला गेलेला हा मुलगा हरमलला लाटांवर उभं राहायला शिकला (त्याच्या मते), आणि येताना कुणाचा तरी वापरलेला सहा फुटी बोर्ड ट्रॅव्हल्सच्या टपावर टाकून घेऊन आला. बोर्डच्या चारही फिन बुडासकट उपटलेल्या. भोकं कुणीतरी बुजवलेली, जुन्या जागेची खूणसुद्धा शिल्लक नाही. "मामा, तुमच्याकडे व्हर्नियर आहे ना?" एवढंच तो म्हणाला. निवृत्त माणसाला असं विचारू नये.

शेजारच्या जोशीकाकूंनी फळी बघून विचारलं, "नळाला पाणी आल्यावर चालवणार का?" आमच्याकडे नळाला पाणी येणं ही तिथी बघून ठरणारी गोष्ट असल्याने प्रश्न रास्त होता. पण पाण्याला कलाने वागवणं या शहराला नवीन नाही. मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून नुसत्या उतारावर इथे आणलं. त्याने उताराचं माप 'साधारण' ठेवलं असतं तर पाणी वाटेतच बसलं असतं.

मी आधी इतिहास वाचून काढला. फिन ही चीज फार जुनी नाही. टॉम ब्लेक नावाच्या अमेरिकन माणसाने 1935 साली बोर्डाखाली पहिली फिन लावली. त्याआधी वळायचं तर मंडळी पाय पाण्यात घालून फळी वळवत. पुढे दोन फिनवाल्या बोर्डावर ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्‌सने 1979 ते 1982 अशी ओळीने चार जागतिक विजेतेपदं घेतली. त्याच्याच देशातल्या सायमन अँडरसनला मात्र दोन फिनांवर बोर्ड मागून निसटतोय असं वाटे. त्याने मधोमध तिसरी लावली आणि 1981 मध्ये बेल्स बीचची मोठी स्पर्धा मारली. तेव्हापासून बहुतेकांचं तिनावरच चाललं आहे. चारवाले त्यातले असंतुष्ट. मधली फिन वेग खाते, म्हणून ती काढून मागे दोन बाजूंना दोन लावतात. वेग वाढतो, उभ्या पोकळ लाटेत बोर्ड धरून राहतो. पण मधला खुंटा गेल्याने जागच्या जागी गर्रकन वळणं जड जातं.

माझी खरी पंचाईत मापांनी केली. पुढच्या फिनांची मागची कड शेपटापासून अकरा इंच. साधारण. कडेपासून सव्वा इंच. साधारण. मागच्या जोडीची साडेपाच ते सहा इंच, 'आवडीनुसार'. आवडीनुसार! शिवाय हे अकरा इंच टेप पोटाच्या गोलाईवर दाबून मोजायचे की सरळ रेषेत, हे कुणी सांगायला तयार नाही. बोर्डचं पोट नावेसारखं वाकलेलं आहे हो. मी डेटम, म्हणजे मोजायची मूळ रेषा, म्हणून मधली लाकडी पट्टी धरली, तर ती पट्टीच एका बाजूला मिलिमीटरभर सरकलेली निघाली.

कोनांच्या बाबतीत मात्र मी घरी आल्यासारखा झालो. गाडीच्या पुढच्या चाकांना टो-इन आणि कॅम्बर असतो ना, तेच हे. फिनचं तोंड बोर्डच्या नाकाकडे किंचित आत वळवायचं, कारण फळीखालचं पाणी सरळ मागे जात नाही, कडेकडे सरकतं. त्याला थोडं आडवं गेलं की बोर्ड वळायला तयार राहतो. फार आत वळवलं की ब्रेक लावल्यासारखं होतं. फिन बाहेर कलती ठेवली की वळणं सैल, उभी ठेवली की सरळ पळायला बरी. पुढच्या फिनची आतली बाजू सपाट, बाहेरची फुगीर. यात न समजण्यासारखं काही नाही.

वाद झाला तो मागच्या जोडीवर. ती कडेजवळ ठेवली तर बोर्ड दोन फिनवाल्यासारखा सुसाट आणि मोकळा. मधल्या पट्टीकडे सरकवली तर तीन फिनवाल्यासारखा आज्ञाधारक. भाचा म्हणाला, "मला दोन्ही पाहिजे." त्याची आई, म्हणजे माझी बहीण, म्हणाली, "जिथं लावल्यावर हा बुडणार नाही, तिथं लाव." एवढं स्पष्ट स्पेसिफिकेशन मला कुणी दिलेलं नव्हतं, पण त्यावर माप निघेना.

शेवटी बोर्ड चिकलठाण्याच्या एका फायबरवाल्याकडे नेला. हॉटेलांपुढचे हत्ती आणि गळक्या टाक्या हा त्याचा धंदा. मी त्याच्यापुढे मिलिमीटरमधलं, दशांशापर्यंतचं ड्रॉइंग ठेवलं. त्याने ते उलटं धरून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, सुतात सांगा."

इंचाचे आठ सूत. पुढच्या फिनची दोन टोकं मोजली तर आतला कल पाव इंच, म्हणजे दोन सूत. मागचीचा एक सूत. कडेपासून अंतर दहा सूत. माझं 6.35 आणि 31.75 करून ठेवलेलं सगळं त्याच्या तोंडात पूर्णांक होऊन बसलं. समुद्र त्याने पाहिलेला नव्हता, पण ज्या ऑस्ट्रेलियनांनी ही मापं ठरवली त्यांच्याशी त्याचं पाच मिनिटांत जुळलं असतं. तेही पेन्सिलने खूण करतात, एक डोळा मिटून बघतात आणि "हां, बरोबर" म्हणतात. "एखादा सूत इकडंतिकडं चालतंय," तो म्हणाला.

मी फक्त एका गोष्टीवर हटून बसलो: डावी-उजवी सारखी पाहिजे. फिन बसवायच्या चारही पेट्या सगळीकडे एक सूत चुकल्या तर तो बोर्डचा स्वभाव ठरतो. एकच चुकली तर बोर्ड एका अंगाला ओढतो. हे त्यालाही पटलं, कारण हत्तीचे सुळे. रेझिन ओतण्याआधी दोन्ही बाजू मी व्हर्नियरने मोजल्या. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता. एक डोळा मिटून! मागची जोडी भाच्याने कडेजवळ घ्यायला लावली. आईला मधल्या पट्टीजवळ सांगितलं.

परवा हरमलहून त्याचा फोन आला. उन्हाळ्यातल्या तिथल्या लाटा कमरेइतक्या, आणि हा वळण घ्यायच्या आधीच पडतो. पण बोर्ड डावी-उजवीकडे जराही न ओढता थेट किनाऱ्याला जातो म्हणे, आणि पायाला दोरी बांधलेली असल्याने त्याच्या मागोमाग हाही.