चिखल सुंदर, गाडी दरीत

रॅलीच्या गेमांची तुलना करणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिला चिखल बघतो. २०२३ च्या 'ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी'तल्या शिंतोड्यांवर तो तासभर बोलेल. सुरुवातीला पीसीवर ते चित्र अडखळत पुढे सरकायचं, हा तपशील तो गाळतो. ताशी १५० किलोमीटरच्या वेगात झाडांची पानं न्याहाळायला सवड कुठून मिळते, हेही विचारू नये.

दुसरा पंथ 'रिचर्ड बर्न्स रॅली'चा. गेम २००४ चा. प्रेक्षक पुठ्ठ्याचे, झाडं त्याहून पुठ्ठ्याची. पण टायर आणि खडी यांचं भांडण इतकं खरं, की हौशी मंडळी अजून त्यात नव्या गाड्या आणि नवे रस्ते भरत बसली आहेत. पहिल्याच वळणावर गाडी उलटली की हे भक्त धन्य होतात: 'याला म्हणतात हँडलिंग!' गाडी रस्त्यावर टिकली तर गेम पोरकट. त्या न्यायाने 'सेगा रॅली' म्हणजे बालवाडी. डांबर सोडून मातीत शिरलं की पकड बदलते, हे त्या नव्वदीतल्या आर्केड गेमलाही ठाऊक होतं, तरीही. त्याचा गुन्हा एवढाच, की खेळताना मजा यायची.

आणि हँडलिंगच्या बारकाव्यांवर हमरीतुमरीवर येणारे यातले कित्येक जण खेळतात कीबोर्डच्या बाणांवर.