काठी लांबवा, वेळ काढा

गुलमर्गला गेलेला मराठी माणूस टंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि कोट चढवतो, गंडोल्यात, म्हणजे केबलकारमध्ये, फोटो काढतो आणि समाधानाने परततो. काहींचं तेवढ्यावर भागत नाही. त्यांना स्कीइंग शिकायचं असतं, तेही स्वतःच्या, लहान-मोठ्या होणाऱ्या काठ्यांनी, म्हणजे पोलनी. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी.

आधी माप. पोल उलटा करून मूठ जमिनीवर टेकवा आणि टोकाजवळच्या चकतीच्या लगेच खाली हाताने धरा. कोपर काटकोनात आलं की लांबी बरोबर. १६५ सेंटिमीटर उंचीला साधारण ११५ सेंटिमीटरचा पोल लागतो. आकडे नळीवर छापलेलेच असतात, तेव्हा खरं तर माप एकदाच घ्यायचं. तरीही ते रोज सकाळी, चारचौघांत, गंभीर चेहऱ्याने घ्यावं.

पोल खटक्याचा घ्यावा की पिळाचा? खटक्याचा. पिळाचं कुलूप नळीच्या आत फुगून घट्ट बसतं. आत ओल गेली आणि गोठली की ते एकतर फिरतच नाही, नाहीतर नुसतं फिरतच राहतं. खटका बाहेरून आवळतो आणि जाड हातमोज्यांतूनही लागतो. सैल वाटला तर त्याचा बारका स्क्रू पाव फेरा आवळा. नळी ओढताना ‘स्टॉप’ची रेघ दिसली की थांबा. मग खटका बंद करून सगळं वजन पोलवर टाकून बघा. घसरायचाच असेल तर तो इथेच घसरलेला बरा.

आता दुकानदार सांगणार नाही ते. सारवल्यासारख्या सपाट केलेल्या उतारावर लांबी बदलावी लागतच नाही. तिथे साधा, एकसंध पोल हलका, मजबूत आणि स्वस्त पडतो. शिवाय बरेच प्रशिक्षक सुरुवातीला पोल काढूनच घेतात. पण नवशिक्याला लहान-मोठ्या होणाऱ्या पोलचा जो उपयोग आहे तो माहितीपत्रकात नसतो. उतार बघून पाय लटपटले की बाजूला थांबा, वाका, खटका उघडा, नळी दोन सेंटिमीटर वर घ्या, परत खाली आणा, खटका लावा, मान हलवा. बघणाऱ्याला वाटतं, माणूस जाणकार दिसतो. धाप लागलीय हे कोणाला कळत नाही. फक्त हे एकाच जागी तिसऱ्यांदा करू नका, मागून लहान मुलं सुसाट येत असतात.

लांबी बदलण्याचं खरं काम गंडोल्याच्या दुसऱ्या टप्प्यावर, अफरवट डोंगराच्या अंगाला, सुमारे ३,९५० मीटरवर. तिथून आखलेल्या भागाबाहेर गेलात की बर्फ कोणी दाबलेला नसतो. स्कीला खाली पट्ट्या चिकटवून चढताना वाटेतल्या सपाटीवर पोल पाच-दहा सेंटिमीटर वाढवा. आडवं चढताना डोंगराकडचा हात उंच येतो, पण प्रत्येक वळणाला खटके उघडत बसू नका. मुठीखाली फोमचा लांब पट्टा असतो, तो धरा. उतरताना पुन्हा नेहमीचं माप. चकत्या रुंद बसवा, नाहीतर भुसभुशीत बर्फात पोल मुठीपर्यंत जातो आणि त्यामागून तुम्ही.

झाडांत शिरताना मनगटातले पट्टे काढा. चकती फांदीत अडकली तर पोल तिथे राहतो आणि खांदा त्याच्याबरोबर राहायला बघतो. हिमस्खलनाची शक्यता असेल तिथेही तेच, कारण पट्ट्याने बांधलेला पोल माणसाला बर्फाखाली ओढतो. छातीवर बांधलेला, सिग्नल देणारा ट्रान्सीव्हर, फावडं, बर्फात खुपसून शोधायचा लांब प्रोब आणि तिथला वाटाड्या यांतलं एकही कमी असेल, तर गंडोल्यानेच खाली या. या जागी मी विनोद करत नाहीये.

संध्याकाळी पोलचे तुकडे वेगळे करून पुसा. तेल घालू नका, तेल लागलेली नळी घसरणारच. खोलीत बुखारी, म्हणजे काश्मिरी शेगडी, असेल तर पोल तिच्या जवळ ठेवा, तिला टेकवू नका. प्लॅस्टिकच्या चकत्या वितळल्या तर तशाच दुसऱ्या मिळतीलच असं नाही.