जंतर-मंतरची सवलत

विट्याकडून सोन्याच्या गलाईसाठी जयपूरला आलेलं घर. नवऱ्याची भट्टी जोहरी बाजारात, बायकोची तोंडात. आणि हिची कधी विझत नाही. "ऊठ की. दात घास. गादी गोळा कर. पंखा बंद कर. किती वेळा सांगायचं?" हा शेवटचा प्रश्न नसतोच, तेवढ्यात ती श्वास घेते.

चिरंजीव दहावीला. ते कधी उलट बोलत नाहीत. प्रत्येक आज्ञेला पांघरुणातूनच "जी, हुकम" म्हणतात. अदब अस्सल राजपुती, हालचाल शून्य.

त्यात शाळेनं त्यांना जंतर-मंतर दाखवलं. सवाई जयसिंहांचं सम्राट यंत्र 27 मीटर उंच, त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते. पोरानं त्यातून कामापुरतं तेवढं उचललं. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, जयपूर त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणजे इथला सूर्य सरासरी 27 मिनिटं मागे. "आई, सात तुझ्या घड्याळात. महाराजांच्या घड्याळात अजून साडेसहा." फेब्रुवारीत हा फरक चाळीस मिनिटांवर जातो, तेव्हा थंडीही असते आणि शास्त्रही बाजूनं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो जेमतेम दहावर येतो. त्या दिवसांत चिरंजीव खगोलशास्त्राचं नाव काढत नाहीत.

माझा आपला एक संशय आहे. पोरगं पहिल्या हाकेला उठलं, तर पंचाईत आईचीच होईल. भाजीवाल्यापासून शेजारणीपर्यंत दिवसभर हिंदी. मनसोक्त मराठी ओतायला हे दोनच कान. नवऱ्याचे आहेत, पण ते दुकानातून रात्री उशिरा येतात आणि येतानाच दमलेले असतात.

परवाच्या रविवारी मात्र माउलीनं डाव उलटवला.

"आठ वाजले, मोबाइल ठेव."

"रात्री सूर्यघड्याळ बंद असतं, आई. म्हणजे आत्ता काही वाजलेलंच नाही."

"असं होय?" तिनं मटणाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. "मग जेवायची वेळ तरी कुठं झालीय? सकाळी सावली पडली की वाढते."

रश्श्याचा वास तोवर जिन्यापर्यंत पोहोचला होता. चिरंजीव तत्काळ प्रमाणवेळेवर आले.

"आई, आठ वाजून पाच मिनिटं झाली. ताट घेऊ?"

"हात धुतलेस?"

"जी, हुकम."

"हुकम नको. साबण लाव."