दोन राज्यांचे दफ्तर

ज्याच्या संगणकात विंडोज आणि उबुंटू या दोन प्रणाली एकाच डिस्कवर नांदतात, त्याने स्वतःस चारचौघांहून अंमळ शहाणे समजावे, हा आमच्या पंथाचा अलिखित दंडक आहे. वस्तुतः वीजबिल, आयकर आणि पत्रव्यवहार ही माझी सारी ऐहिक कामे विंडोजमध्येच उरकतात; उबुंटूचे प्रयोजन एवढेच, की कोणी घरी आले असता संगणक सुरू होताना कोणती प्रणाली हवी ते विचारणाऱ्या 'ग्रब'च्या काळ्या पडद्यावर, दहा सेकंदांच्या मुदतीत, राज्य निवडण्याचा माझा अधिकार त्याच्या दृष्टीस पडावा. उबुंटूतून विंडोजमध्ये परतले की घड्याळ साडेपाच तास मागे पडते, कारण यंत्रातील वेळ एक प्रणाली जागतिक मानते आणि दुसरी स्थानिक. हा कज्जा एका हुकमाने मिटतो, परंतु पाहुण्यांना समजावून सांगण्याजोगा असल्यामुळे मी तो जपून ठेवला आहे. "अहो, आत्ता कोणाचं राज्य आहे? मला गॅसचा नंबर लावायचाय," असे आमच्या घरातून विचारले जाते, त्यात आदर किती हे मी तपासीत नाही.

अशा द्वैराज्याच्या दफ्तराची नक्कल 'क्लोनझिला' या तैवानी कारभाऱ्याकडून मी नियमाने करवून घेतो. पेनड्राइव्हवरून तो उठतो, ग्रबसह संपूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर उतरवतो, आणि ती पुनःस्थापनेस योग्य असल्याचा निर्वाळा देतो. तो वाचताना मॅट्रिकच्या यादीत आपले नाव सापडल्याचा आनंद होतो. विंडोजच्या कुलपाची ४८ अंकी किल्ली मी कालनिर्णयाच्या पाठीवर लिहिली असल्यामुळे ते गतवर्षीचे कालनिर्णय अद्याप भिंतीवर आहे.

खडकीत राहून दफ्तराच्या नकलांवर बोलणाऱ्यास खडकीच्या लढाईचा दिवस, ५ नोव्हेंबर १८१७, टाळता येत नाही. त्या दिवशी पेशव्यांच्या दरबारचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीच्या फौजेकडे आला, आणि त्याच्या पाठीमागे आपल्या लोकांनी रेसिडेन्सी लुटून जाळली. तीत त्याचा ग्रंथसंग्रह आणि हस्तलिखिते भस्मसात झाली. पुढे पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे घोडदळ दलदलीत अडकले, पेशवे बाजीराव पर्वतीवरून पाहत राहिले, आणि लढाईचे जे व्हायचे ते झाले. स्वदेशाभिमानी माणसाने या प्रसंगी पराजयाचे दुःख आणि जाळपोळीचे समाधान मानावे हे रीतसर होय. परंतु नकला करण्याची सवय जडलेल्या माणसाचे चित्त भ्रष्ट होते, आणि मला दर वेळी शत्रूच्या त्या कागदांचीच हळहळ वाटते. गृहस्थ मात्र चिवट. १८१९ साली तो मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि १८४१ साली त्याने हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला.

आपले पेशवे दफ्तर जळाले नाही. ते पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले, मोडीत लिहिलेले, सुखरूप आहे. ते वाचणारे तेवढे थोडे उरले आहेत. हे लिहिताना विनोद सुचत नाही, कारण माझ्या आजोबांची पत्रेही मोडीतच आहेत. पिवळ्या कागदावरची ती घाईची, एकमेकींत गुंतलेली अक्षरे मी स्कॅन करून दोन्ही राज्यांत आणि बाहेरच्या डिस्कवर ठेवली आहेत. त्यांपैकी एका पत्राच्या समासात माझ्या वडिलांचे नाव असावे असा माझा समज आहे. निश्चित सांगता येत नाही.

इकडे संगणक काही केल्या बिघडत नाही, त्यामुळे पुनःस्थापनेचे माझे कौशल्य जगापुढे येण्याचा योग लांबत चालला आहे. तेव्हा वाचकांपैकी कोणाकडे विंडोजने नव्या सुधारणेच्या भरात ग्रबला पदच्युत केले असेल, तर त्याने निःसंकोच खडकीस यावे. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान आणू नये, आणि मोडी वाचणारे कोणी परिचयाचे असल्यास त्यांना अवश्य बरोबर आणावे.