गॅरेजमधलं लफडं

गॅरेजमध्ये माणसं गाडी ठेवतात, असा आपला एक भाबडा समज. अमेरिकेतल्या एखाद्या चांगल्या वस्तीत डोकावलं की तो फिटतो. कापलेली हिरवळ, रंगवलेलं कुंपण, आणि दोन्ही गाड्या मात्र बाहेर, उघड्यावर, बर्फ खात उभ्या. गॅरेजचं दार लावलेलं. रात्री अकरा वाजता दाराखालच्या फटीतून उजेड येतोय आणि आत कोणीतरी करवत चालवतंय. अशा वेळी कोणाच्याही मनात जे येईल ते शेजाऱ्यांच्या मनात येतंच. पण खरी भानगड कळली की वाटतं, मनात आलं होतं तेच परवडलं असतं. कारण आतला गृहस्थ विमान बांधत असतो.

हो, विमान. खेळण्यातलं नव्हे. स्वतः आत बसून आकाशात न्यायचं, ते. आणि तेही लाकडाचं!

गृहस्थ म्हणावेत तर एकेक नाकासमोर चालणारे. कोणी दातांचा डॉक्टर, कोणी शाळामास्तर, कोणी पोस्टातून निवृत्त झालेला. दारू नाही, जुगार नाही, बाहेरचा नाद नाही. पण मी म्हणते, बाहेरचा नाद निदान बाहेर तरी असतो! हा नाद घरात ठाण मांडून बसतो, दहा-दहा वर्षं हलत नाही, आणि वर त्याला सरसाचा वास येतो.

सुरुवात होते ती लाकडापासून. आपण फळी घेतो ती फळी म्हणून. यांना ‘सिट्का स्प्रूस’ लागतं. पॅसिफिक किनाऱ्यावर वाढणारं, वजनाला हलकं, ताकदीला भक्कम, आणि किमतीला विचारू नका असं. त्यात गाठ नको. इंचभर जाडीत निदान सहा वलयं हवीत. रेषा सरळ हवी. पंधरा इंचांत एका इंचाहून जास्त तिरकी गेली की ती फळी बाद. ज्यांना हे परवडत नाही ते साध्या वखारीत जाऊन डग्लस फरच्या थप्प्या उपसतात. लग्नाचा शालू घ्यायला आलेल्या बायका दुकानातला सगळा माल खाली उतरवायला लावतात ना, तसे हे बाप्ये वखारीतली फळी न् फळी उजेडात धरून, उलटीपालटी करून बघतात, आणि शंभरांतली एक घेऊन जातात. वखारवाला विचारतो, “काय करताय, खिडक्या?” हे “हो” म्हणतात. खरं सांगायची सोय आहे का?

मग पाळी येते स्वयंपाकघरावर. पंखाला फासळ्या लागतात, एका विमानाला दोन-अडीच डझन. एका पाटावर फासळीचा आकार काढायचा, कडेने ठोकळे ठोकायचे, त्यात पाव इंच जाडीच्या पट्ट्या वाकवून बसवायच्या, सांध्यांवर प्लायवूडचे इवलेसे तुकडे चिकटवायचे आणि रात्रभर वाळू द्यायचं. म्हणजे रोज एक फासळी. आता सरस पाटाला चिकटू नये म्हणून खाली काय घालायचं? मेणकागद. तो कुठे मिळतो? सैंपाकघराच्या खणात. तुकडे दाबून धरायला काय? कपड्यांचे चिमटे. धुणं दोरीवरून उडून शेजाऱ्याच्या अंगणात गेलं तरी चालेल, फासळी हलता कामा नये. 

आणि या फासळ्या करून झाल्या की ही माणसं त्या भिंतीवर ओळीने टांगून ठेवतात. आल्यागेल्याला दाखवतात. पाहुणा बिचारा जेवायला आलेला असतो.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. सरसाच्या बाबतीत हे लोक कोणाच्या बापावर विश्वास ठेवत नाहीत. दर वेळी नवा सरस कालवला की त्यातल्या थोडक्याने दोन फालतू तुकडे चिकटवून बाजूला ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ते शिकंज्यात धरून हातोड्याने फोडायचे आणि भिंग लावून बघायचं. लाकूड फाटलं असेल तर सरस पास. जोड नीट सुटून आला, दोन्ही फळ्या गुळगुळीत राहिल्या, तर सरस नापास, आणि आदल्या रात्री त्याच सरसाने केलेली फासळी सरळ शेकोटीत. रात्रभराची मेहनत जाळताना माणसाचा चेहरा पाहावा! पण जाळतात. आपल्याकडे नव्या इमारतीचा गिलावा पोपडे धरतो तेव्हा “जरा ओल आहे, वाळेल” म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना या गॅरेजांमध्ये कोणी उभं करणार नाही.

पुढचा कहर कापडाचा. सांगाडा तयार झाला की त्यावर पॉलिस्टरचं कापड चढवतात, आणि ते ताणून बसावं म्हणून त्यावर इस्त्री फिरवतात. होय, घरातली इस्त्री! तीही साधी चालत नाही. तिच्या चकतीवर काय लिहिलंय यावर भरवसा नको, म्हणून थर्मामीटर लावून तिचं तापमान मोजतात. मग तेच कापड फासळ्यांना शिवून टाकायचं. हातभर लांब सुई, मेण लावलेला दोरा, एक माणूस पंखाच्या या अंगाला, दुसरा त्या अंगाला. सुई इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि दर दोन-तीन इंचांवर एक ठरावीक गाठ. ज्याने जन्मात शर्टाचं बटण लावलं नाही तो माणूस महिनाभर बसून पंख शिवतो. बायकोने काय म्हणावं? बहुतेकींना दुसऱ्या अंगाला बसून सुई परत पाठवायचं काम मिळतं.

शेवटी वजन. ते कशावर करायचं? न्हाणीघरातल्या काट्यावर. प्रत्येक चाकाखाली एक. आपला एक पुरत नाही म्हणून शेजाऱ्यांचेही मागून आणायचे. आता कळलं ना, लफडं गल्लीभर कसं पसरतं?

हे खूळ आजचं नाही. मिनेसोटामधल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या चिमुकल्या गावात बर्नार्ड पीटनपोल नावाचा एक हरहुन्नरी मेकॅनिक होता. विमानाची इंजिनं भारी महाग, म्हणून या पठ्ठ्याने १९२९ च्या सुमारास फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीचं इंजिन काढून आपल्या लाकडी विमानावर चढवलं. मोटारीत जेमतेम ४० अश्वशक्ती देणारं इंजिन! ‘मॉडर्न मेकॅनिक्स’ मासिकाचे संपादक छातीठोकपणे लिहीत होते की मोटारीच्या इंजिनावर विमान उडवणं काही खरं नाही. पीटनपोलने वाद घातला नाही. १९३० मध्ये तो आणि त्याचा मित्र अशी दोन विमानं उडवत मिनियापोलिसजवळ जाऊन उतरले. संपादकांनी मग त्याच विमानाचे आराखडे छापले. त्या ‘एअर कॅम्पर’चे आराखडे आजही विकले जातात. पंखांचा विस्तार २८-२९ फूट. आता वीस बाय वीस फुटांच्या गॅरेजचा कर्ण २८ फुटांच्या किंचित वर जातो. शाळेत पायथागोरसला शिव्या घालणारी माणसं चाळिशीनंतर टेप घेऊन त्याला शरण जातात. इंचाने अडलं तर पंख तीन तुकड्यांत करतात. विमान सोडत नाहीत.

पण अब्रूची खरी लक्तरं निघाली ती युरोपात. आंरी मिन्ये नावाच्या फ्रेंच गृहस्थाला नेहमीचं विमान चालवणं काही केल्या जमेना. साधा माणूस असता तर त्याने नाद सोडला असता. याने विमानच बदललं. एकामागे एक असे दोन पंख, पायाशी पेडल नाहीत, सगळा कारभार एका दांडीवर. १९३३ मध्ये ते उडालं. नाव ठेवलं ‘पू दू सिएल’, म्हणजे आकाशातली ऊ. पुढच्याच वर्षी पुस्तक काढलं. ज्याला खोकं ठोकता येतं त्याला विमान बांधता येतं, असा एकूण सूर. झालं! १९३५ मध्ये इंग्रजीत पुस्तक आलं, त्याच ऑगस्टमध्ये मिन्ये स्वतः आपल्या उवेत बसून इंग्लिश खाडी ओलांडून आला, आणि सगळा इंग्लंड देश खोकी ठोकायला बसला. वाणी, कारकून, सायकलवाले, सगळे.

मग माणसं मरायला लागली. इथे मात्र चेष्टा पुरे. विमानं सूर मारायची आणि वर यायचीच नाहीत. १९३६ मध्ये इंग्लंडात फार्नबरोला आणि फ्रान्समध्ये शाले-मदोंला अख्खं विमान वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासलं, तेव्हा उलगडा झाला. दोन्ही पंख एकमेकांच्या फार जवळ होते. नाक एका मर्यादेपलीकडे झुकलं की वैमानिक साहजिकच दांडी ओढून पुढचा पंख उचलायचा. त्याने दोन पंखांमधून जाणारी हवा मागच्या पंखालाच जोर द्यायची, शेपूट आणखी वर जायची आणि नाक आणखी खाली. जो उपाय, तोच घात. बंदी आली. नंतर दोष काढून टाकलेल्या उवा उडाल्या, आजही त्यांचे भक्त आहेत. पण धडा मिळायचा तो मिळाला. सरस कितीही पक्का असो, आराखडा दुसऱ्या कोणीतरी तपासायला हवा.

यानंतर तरी सुधारावं की नाही? १९५३ मध्ये मिलवॉकीत पॉल पोबरेझ्नी या माणसाने अशा सगळ्या बिघडलेल्यांची चक्क संघटना काढली. तीही आपल्या घराच्या तळघरातून चालवली. दोन वर्षांनी एका मासिकात ‘आठशे डॉलरांच्या आत विमान’ अशी लेखमाला लिहिली, आणि किती सुखी संसारांच्या गाड्या गॅरेजबाहेर आल्या असतील कोण जाणे. आता दर जुलैच्या अखेरीला विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला या मंडळींची जत्रा भरते. सुमारे १०,००० विमानं येतात. त्या आठवड्यात तिथला नियंत्रण मनोरा जगात सर्वांत गर्दीचा असतो, म्हणे. 

बरं, हे सगळे सामान्य लोक म्हणून सोडून द्यावं, तर १९५९ मध्ये खुद्द इंग्लंडच्या राणीचे यजमान, प्रिन्स फिलिप, ‘टर्ब्युलंट’ नावाच्या एकआसनी लाकडी विमानात एकटेच बसून उडून आले. रॉजे द्रुईन या फ्रेंच माणसाने हौशी लोकांनी बांधावं म्हणून आखलेलं विमान, आणि नाकाशी फोक्सवॅगन मोटारीचं इंजिन! राजवाड्यातच असं चालू असल्यावर बाकीच्यांनी कोणाकडे बघावं?

आपल्याकडे हे लोण आलं नाही म्हणून कोणी हुश्श करू नये. गॅरेज नसेल तर गच्ची असते. तेव्हा जेट एअरवेजमध्ये वैमानिक असलेल्या कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान उभं केलं. ते धातूचं होतं, म्हणजे सुतारांची तरी बदनामी टळली. जिथे लोक पापड आणि गाद्या वाळवतात तिथे माणूस विमान जोडतोय! २०१६ मध्ये ते सुटं करून खाली उतरवलं आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं, तेव्हा मुंबई बघायला लोटली. सरकारदरबारी नोंदणी व्हायला २०१७ चं साल सरत आलं. तोवर गल्लीगल्लीत एक तज्ज्ञ उभा राहून १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याचं सांगतात त्या शिवकर बापूजी तळपद्यांची आठवण काढत होताच. त्या उड्डाणाचा पुरावा अजून कोणी दाखवलेला नाही. पण पुरावा नसलेलं विमान आपल्याला चालतं, समोर उभं असलेल्याला मात्र कागद लागतात.

आता सगळ्यात धक्कादायक भाग ऐका. अमेरिकेत हे सगळं कायदेशीर आहे. कायदा म्हणतो, अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं असलं पाहिजे, आणि तेही केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी. धंदा म्हणून बांधत असाल तर ही वाट तुमची नाही. सरकारने एखाद्या कामाला ‘यातून कमाई नको’ या अटीवर परवानगी दिल्याचं मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही. दाराशी निदान दोन इंच उंच अक्षरांत ‘एक्सपेरिमेंटल’ असं लिहावं लागतं. आत पाटी लावावी लागते, की हे हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षेचे नियम हे पाळत नाही. शिवाय बांधणाऱ्याला मागितलं तर प्रमाणपत्र मिळतं, की या एका विमानाची दरवर्षीची तपासणी हा माणूस स्वतः करू शकतो. विमान विकलं की ते प्रमाणपत्र नव्या मालकाला मिळत नाही. पैसे देऊन विमान घेता येतं, ते बांधल्याचा अधिकार घेता येत नाही.

आणि एक अट राहिली. विमान तयार झालं की बायकोला, पोरांना, काटे उसने देणाऱ्या शेजाऱ्याला घेऊन लगेच फेरी मारायची नाही. मोटारीचं इंजिन असेल तर साधारण पहिले ४० तास ठरवून दिलेल्या हद्दीतच उडवायचं, आणि आत प्रवासी नको. आधी बांधणाऱ्याने आपला जीव त्यात घालून दाखवायचा, मग दुसऱ्यांचा.

एवढी एकच अट आपल्याकडे आणावी असं मला फार वाटतं. विमानांना नको. रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदाराने पहिल्या पावसात ४० तास त्याच रस्त्यावरून स्वतःच्या स्कूटरने फिरायचं, मागे कोणाला न बसवता. बाकीच्यांनी त्यानंतर.