तासाला दहा किलो

आमचे दाजी शिरूर अनंतपाळचे. कुठलीही रक्कम रुपयांत सांगितली तर त्यांना कळते, पण पटत नाही; आधी ती सोयाबीनमध्ये मोडून घ्यावी लागते. भाचीनं पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटरला प्रवेश घेतला, फी वर्षाला दोन लाख चाळीस हजार. दाजींनी तंबाखू मळता मळता हिशेब केला. 5328 च्या हमीभावानं 45 क्विंटल. एकरी आठ धरले तर साडेपाच एकराचं रान, तेही बी, खत, फवारणी फुकट आणि मोंढ्यात हमीभाव मिळतो असं समजून. (यातलं दुसरं समजणं जास्त अवघड.)

तरी दाजी निर्धास्त होते. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी 2024 पासून सरकारनं माफ केली, हे त्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं. प्रवेश मिळवून देणाऱ्या पोरानंही मान डोलावली होती, "बसते की काका स्कॉलरशिप!" बसली नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्या योजनेतून वगळलेली आहेत, हे पैसे भरल्यावर कळलं.

"स्वयंअर्थसहाय्यित म्हंजे काय रं?"

"स्वयं म्हणजे तुम्ही, दाजी. अर्थही तुमचाच."

"मग त्यांचं काय?"

"कमान."

कमान खरोखर भव्य आहे. भाचीनं तिच्यापुढं काढलेला फोटो अजून बहिणीच्या मोबाईलवर आहे. परत फिरावं, तर मूळ टीसी आणि मार्कमेमो ऑफिसात. मूळ कागद अडकवून ठेवू नका, असं यूजीसीनं 2018 मध्येच बजावलेलं. ऑफिसातल्या बाईंना हा नियम पाठ होता. "आम्ही अडकवत नाही," त्या म्हणाल्या, "सांभाळतो."

दिवाळीला भाची घरी आली. सप्टेंबरच्या पावसानं रान धुऊन नेलं होतं, राहिलेल्या शेंगांना कोंब फुटले होते, आणि दाजी ओसरीवर बसून विद्यापीठाचा उतारा काढत होते.

"वर्षाचे तास किती गं?"

"वेळापत्रकात साडेचारशे, पप्पा."

"म्हंजे तासाला दहा किलो." दाजींनी मान हलवली. "चालतंय. झाले किती?"

इथं पोर जरा थांबली. एक मॅडम सप्टेंबरात नोकरी सोडून गेल्या, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. दुसरे सर येतात, पण प्रवेश वाढवायच्या मोहिमेवर त्यांना गावोगाव पाठवतात. त्या दिवसांत ते उदगीर-निलंग्याकडंच जास्त भेटतात. तिसरे न चुकता येतात आणि भिंतीवर पडलेली पीपीटी वाचून दाखवतात. थोडक्यात, दिवाळीपर्यंत व्हायचे त्यातले निम्मे झाले.

"वीस किलो," दाजी म्हणाले. "भिंत वाचायला वीस किलो."

हजेरी मात्र 75 टक्के लागते. खाली गेली की दंड. अर्थात पोरांची, मास्तरांच्या हजेरीचं मशीन अजून निघालेलं नाही. मोंढ्यात ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की माल बाजूला पडतो, तसंच हे, असं मी दाजींना समजावलं. त्यांना मुद्दा पटला, पण शंका उरली : "तिथं मशीन घेणाऱ्याकडं असतंय. हितं घेणारा तर मी हाव."

प्रयोगशाळेत नवे कोरे कॉम्प्युटर आहेत. ते तपासणी समिती आली त्या दिवशी पोरांनी वापरले. होस्टेलचं पाणी सकाळी पाऊण तास. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी ज्या जिल्ह्यानं प्यालंय, तिथली पोर पाण्याला डगमगत नाही; पण वर्गणी काढून टँकर मागवू या, असं तिनं सुचवलं तर रेक्टरनं पालकांची सही आणायला सांगितली. मग तिनं रीतसर ऑनलाइन तक्रार टाकली. दोन मिनिटांत निरोप आला की तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. नळाला तसं काही कळवलेलं नसावं.

परीक्षेआधी एक अभिप्रायाचा फॉर्म असतो. शिक्षक कसे, सुविधा कशा, पाचपैकी किती तारे. तो भरल्याशिवाय हॉल तिकीट निघत नाही. भाचीनं सगळ्यांना पाच-पाच दिले. सोडून गेलेल्या मॅडमनाही.

फीचा दुसरा हप्ता थकला, तेव्हा दिवसाला शंभर रुपये दंड लागू झाला. दाजींनी फोन करून सांगितलं की अतिवृष्टीचे पैसे यायचेत, सरकार उशीर करायलंय. पलीकडून अतिशय गोड आवाजात उत्तर आलं, "सर, त्यासाठी तुम्ही सरकारला दंड लावा."

परवा तोच प्रवेशवाला पोरगा पुन्हा ओसरीवर आला. धाकटा यंदा बारावीला आहे ना. त्यानं गुळगुळीत, जाडजूड माहितीपत्रक पुढं केलं. दाजींनी ते तळहातावर घेतलं, मोंढ्यात मूठभर माल घेतात तसं, आणि सवयीनं त्यावर फुंकर मारली. पानं फडफडून उलटली.

"काडीकचरा लै निघालाय रं," दाजी म्हणाले. "कडता किती धरायचा?"