वाटीवाल्या आजी

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला पुण्या-ठाण्याच्या किंवा नाशिक-डोंबिवलीच्या कुठल्याही सोसायटीच्या आवारात उभं राहावं. दीड-दोन वर्षांचं एक पोर पुढे आणि एक बाई मागे, अशी जोडी पार्किंगमधून जाताना दिसतेच. बाईंच्या डाव्या हातात स्टीलची वाटी, उजव्या हातात चमचा, खांद्यावर नॅपकिन. पोर थांबलं की बाई वाकतात; बाई वाकल्या की पोर पळतं. मेंटेनन्सच्या पावतीवर या बाईंचं काय नाव असेल ते असो, सोसायटीत त्या 'वाटीवाल्या आजी' म्हणूनच ओळखल्या जातात.

त्यासाठी नात्याने आजीच असायला हवं असं नाही. आई, मावशी, पाळणाघरातल्या ताई, रजेवर असलेला बाप, कुणावरही ही वेळ येते. पण या जातीचा अस्सल नमुना पाहायचा तर आजीच पाहावी. तिच्याकडे वेळ आहे, चिकाटी आहे आणि 'आमची दोन मुलं वाढली, त्यांची असली थेरं नव्हती' हा ठाम विश्वास आहे. थेरं तेव्हाही होती. तेव्हा वाटी सासूबाईंच्या हातात होती, इतकंच.

खरं तर घरात सगळं सुरळीत सुरू झालेलं असतं. सहाव्या महिन्यात उष्टावण होतं. मामाच्या मांडीवर बसून बाळ चांदीच्या वाटीतली खीर मिटक्या मारत खातं आणि फोटो सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जातात. मग नाचणीचं सत्त्व, मुगाची खिचडी, लाल भोपळा, दुधी, जे पुढे येईल ते बाळ फस्त करतं. जिन्यात भेटेल त्याला आजी सांगतात, "आमच्याकडे खाण्याची कटकट म्हणून नाही हो!" हे वाक्य पहिल्या वाढदिवसापर्यंत टिकतं. पुढे बाळाला पाय फुटतात, मतं फुटतात आणि भोपळा भिंतीवर जातो.

तिथून आवडीनिवडी सुरू होतात. सोमवारी पोर घावन खातं. नुसतं खात नाही, दुसरं मागतं. आजींना धन्य वाटतं, बातमी कोथरूडच्या आत्यापर्यंत पोचते आणि मंगळवारी आजोबांना गिरणीत पिटाळून चांगली दोन किलो पिठी दळून आणली जाते. बुधवारी पोर घावनाकडे असं बघतं की जणू या पदार्थाशी आपली ओळख कुणी करूनच दिलेली नाही. पुढचे चार दिवस आजोबा घावन खातात. शुक्रवारी कळतं की आता फक्त पांढरं चालतं: भात, दही, साय, इडलीचा मधला भाग. वरणाचा एक पिवळा थेंब लागला तर अख्खा भात बाद. पुढच्या आठवड्यात पांढरं वर्ज्य होऊन गूळ-तुपाचा पोळीचा लाडू गादीवर बसतो, आणि तोही बाबांनी वळलेलाच लागतो. केळं सोललेलं हवं, पण मोडलेलं नको; मोडलं तर परत जोडून हवं. आजींनी आजवर नात्यातली दोन लग्नं जमवली आहेत, एक मोडता संसार सांधून दिला आहे. केळं मात्र त्यांना सांधता आलेलं नाही.

या सगळ्यात घरात वजन वाढतं ते आजोबांचं.

आजींकडे उपाय पुष्कळ आहेत. पहिला परंपरागत, काऊ-चिऊचा. सोसायटीत आता कबुतरंच उरली आहेत, तरी आजी नेमाने काऊला हाका मारतात. काऊ येत नाही, कबुतर येतं आणि पोर त्याच्यामागे धावतं. मग लिफ्ट: दार उघडलं की एक घास, मिटलं की दुसरा. मग भटका कुत्रा, वॉचमनकाकांची शिट्टी आणि सर्वांत गुणकारी म्हणजे पाण्याचा टँकर. टँकर रिकामा होईतो अर्धी वाटी रिकामी होते. सोसायटीत पाणीटंचाईचं मनापासून स्वागत करणाऱ्या त्या एकट्याच. धाक म्हणून बागुलबुवाही आहे, पण हल्लीची पोरं त्याला "बाय" करतात.

आता जरा जवळून बघू. आजी जिन्याच्या पायरीवर टेकल्या आहेत. वाटीत गुरगुट्या भात, वरण, तूप, किंचित मेतकूट. चमच्यावर सुपारीएवढा घास. "आऽऽ कर" म्हणताना आजींचं स्वतःचंच तोंड पूर्ण उघडतं. घास पोराच्या तोंडात जातो आणि आजी चावायला लागतात, रिकाम्या तोंडाने. पोर चावत नाही. लग्नातला विडा ठेवावा तसा त्याने घास उजव्या गालात ठेवून दिला आहे. "गिळलास? जीभ दाखव." जीभ बाहेर येते, तिच्यावर दोन शितं. आजी बोटाने गाल दाबतात, घास डावीकडे जातो. मग पाण्याचा घोट. पाण्याबरोबर घासही उतरेल असा आजींचा होरा. पाणी उतरतं, घास सदऱ्यावर येतो. आजी तो टिपतात, इकडे-तिकडे बघतात आणि परत चमच्यावर घेतात. "हा शेवटचा हं!" आजींच्या शेवटच्या घासानंतर आणखी पाच-सहा तरी येतात.

एवढा आटापिटा कशासाठी? पोर भुकेलं आहे म्हणून नव्हे. रात्री आठला लोकलमधून सुनेचा फोन येणार असतो, "आई, जेवला का?" या प्रश्नाचं उत्तर वाटीत द्यावं लागतं. "वाटी संपवली" म्हटलं की दोन्ही बाजूंना हायसं वाटतं. "अर्धी" म्हटलं की पलीकडे शांतता, आणि त्या शांततेत सासूला नापास झाल्यासारखं होतं. शिवाय तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आहेत, त्या भेटल्या की म्हणतात, "जरा सुकलाय का हो?" एवढ्या एका वाक्याने दुसऱ्या दिवशी तुपाचा चमचा मोठा होतो आणि संध्याकाळी मीठ-मोहरीने दृष्ट निघते.

आणखीही एक कारण आहे, ते आजी बोलून दाखवत नाहीत. आज पासष्टीला आलेली ही पिढी १९७२च्या दुष्काळात शाळकरी वयाची होती. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी आणि शाळेत मिळणारी सुकडी खाल्ली आहे. 'पानात टाकायचं नाही' हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. वाटीत उरलेले चार घास त्यांना उरलेले दिसत नाहीत, वाया गेलेले दिसतात.

परदेशी असलेल्या नातवंडांच्या आज्यांची गोष्ट वेगळी. त्यांची वाटी पुण्यात आणि तोंड न्यू जर्सीत. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा अजिबात दाखवू नये, असं इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स म्हणते. सवलत आहे ती अधूनमधून नातेवाइकांशी केलेल्या व्हिडिओ कॉलची. आज्यांनी ही सवलत पुरेपूर वसूल केली आहे. पलीकडे सून चमचा धरते आणि अलीकडे आजी फोनसमोर "आऽऽ" करून बसतात. सहा महिन्यांच्या व्हिसावर तिकडे गेल्यावर पाळणाघरात आपला नातू खुर्चीत बसून, स्वतःच्या हाताने, न रडता जेवतो हे त्यांना दिसतं. "धाक असणार," असा निष्कर्ष काढून त्या घरी येतात आणि वाटी भरतात.

मानहानीचा प्रसंग मात्र शेजारीच घडतो. दोन तास घास चुकवून दमलेलं पोर समोरच्या उघड्या दारातून आत शिरतं. ते घर जेवायला बसलेलं असतं. पोर कुणाच्या तरी मांडीजवळ जाऊन उभं राहतं, ताटातला पोळीचा तुकडा उचलतं, आमटीत बुडवतं, खातं. मग दुसरा. मग तिसरा. कुणी काऊ बोलावलेला नाही, कुणी "आऽऽ" म्हटलेलं नाही. आजी दारात वाटी घेऊन उभ्या.

"काय घालता हो आमटीत?"

"काही नाही हो, कालचीच आहे. सकाळी ऊन केली."

त्या रात्री आजी जेवत नाहीत. आजोबा दोघांचं जेवतात.

शेवटी प्रकरण डॉक्टरांकडे जातं. डॉक्टर पोराचं वजन करतात, तक्त्यावर टिंब काढतात आणि समजावून सांगतात: बाळ जन्मतः तीन किलोचं असेल तर वर्षाला सुमारे नऊ किलोचं होतं, म्हणजे तिप्पट, पुढच्या अख्ख्या वर्षात मात्र त्यात तीनेक किलोचीच भर पडते. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते, तेव्हा पहिल्या वर्षाच्या हिशेबाने दुसऱ्या वर्षी भरवू नका. याच वयात नव्या पदार्थाचा संशय येतो, तेही नैसर्गिक आहे. नवी भाजी मुलाच्या पुढ्यात दहा-पंधरा वेळा यावी लागते, तेव्हा कुठे ते तिला तोंड लावतं. आजी सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, "म्हणजे तीनच किलो? कमी पडलं ना?"

मग डॉक्टर विचारतात, "दूध किती घेतो?" इथे आजी जमिनीकडे बघतात. पोर जेवलं नाही की 'पोटाला आधार' म्हणून एक कप, झोपताना एक, मध्येच रडलं तर एक, शिवाय पहाटेचा. डॉक्टर म्हणतात, दिवसाला अर्धा लिटर पुष्कळ झालं. त्याहून जास्त दुधाने पोट भरतं, जेवण मागे पडतं, आणि दुधात लोह जवळजवळ नाहीच, त्यामुळे रक्तही कमी होतं. हे ते शांतपणे सांगतात. आवाज चढतो तो एकाच गोष्टीवर: पळत्या पोराच्या तोंडात घास घालायचा नाही, आणि अख्खा शेंगदाणा, अख्खं द्राक्ष या वयात द्यायचं नाही, घशात अडकलं तर जिवावर बेतेल.

घरी आल्यावर सून आणखी एक दाखला काढते. शिकागोतल्या क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंनी नुकतंच दूध सुटलेल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. त्याचे पहिले निष्कर्ष १९२८ साली आले आणि १९३९ साली त्यांनी एकूण १५ मुलांचा वृत्तान्त मांडला. या मुलांपुढे साधे, न मिसळलेले पदार्थ मांडून ठेवत. यादी ३४ पदार्थांची होती. मुलाने हवं ते, हवं तेवढं घ्यायचं; परिचारिकेने बोट दाखवल्याशिवाय चमचा उचलायचा नाही, आग्रह करायचा नाही, "शाब्बास"सुद्धा म्हणायचं नाही. कुणी सकाळी संत्र्याचा रस आणि कलेजी खाल्ली, कुणी रात्री अंडी, केळी आणि दुधावर ताव मारला. एखाद्या पदार्थाची लाट यायची आणि ओसरायची. तरी मुलं छान वाढली.

"ती पोरं राहायची कुठे?" आजी विचारतात.

"तिथेच, इस्पितळात."

"मग बरोबर आहे," आजोबा पेपरमागून म्हणतात, "तिथे आजी नव्हती."

आजींनी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण एक मुद्दा त्यांनी बरोबर पकडला. "त्या ३४ पदार्थांत बिस्किट होतं का? चॉकलेट?" नव्हतं. साखर किंवा मिठाई त्या यादीत नव्हतीच. निवड मुलांची होती, पण यादी मोठ्यांनी केलेली होती, आणि प्रयोगाची खरी मेख यादीतच आहे असं डेव्हिसबाईंनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. थोडक्यात, काय शिजवायचं, केव्हा आणि कुठे बसून वाढायचं हे आजींचं खातं. त्यातलं किती खायचं, खायचं की नाही, हे पोराचं. आजींचं पहिलं खातं अव्वल आहे. मुगाचं वरण, नाचणी, तूप, मेतकूट, भोपळा यांत बोट ठेवायला जागा नाही. भांडण आहे ते त्या दुसऱ्या खात्यात केलेल्या घुसखोरीचं.

आणि त्या घुसखोरीचं हत्यार म्हणजे ती वाटी. ती मोठ्यांची, आमटीची असते. या वयात प्रत्येक पदार्थ वर्षामागे एक मोठा चमचा, असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे दोन वर्षांच्या पोराला दोन चमचे भात, दोन चमचे वरण, दोन चमचे भाजी. आपण शिगोशिग वाटी भरतो आणि ती संपत नाही म्हणून पोराला नावं ठेवतो.

तेव्हा वाटीवाल्या आज्यांना, आयांना आणि बापांना एकच विनंती. पोराला आपल्या पंक्तीला बसवा, आपल्यातलंच थोडं कमी तिखट वाढा, आणि वाटी लहान घ्या. मागितलं तर दुसऱ्यांदा द्या. वजन घटत असेल, पोर मलूल असेल तर डॉक्टर गाठा. पण खेळतंय, हसतंय, टँकरमागे धावतंय आणि तरी चौथ्या घासाला मान फिरवतंय, तर ते उपाशी नाही. त्याचं जेवण झालेलं आहे.